भांग, खार, घोळ, वेळ : किनाऱ्यावरचे आखूड शब्द

"भांगाचे दिवस आहेत, डोलीला काही लागत नाही."

रायगडातल्या एखाद्या कोळीवाड्यात हे वाक्य सहज कानावर पडेल. घाटावरच्या माणसाला आधी होळीची थंडाई आठवेल, मग आरशासमोरचा कंगवा. इथे दोन्हींचा संबंध नाही. अष्टमीच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकमेकींशी काटकोनात येते. मग भरती फार चढत नाही की ओहोटी फार उतरत नाही. त्या मंदावलेल्या पाण्याचा हा भांग. शाळेच्या भूगोलात उधाणाच्या जोडीला 'भांगाची भरती-ओहोटी' होती, पण परीक्षा संपली की आपण ती विसरलो. डोलकराला विसरून चालत नाही. डोल म्हणजे पाण्यात एका जागी बांधून ठेवलेलं लांब पिशवीसारखं जाळं. त्याला कोणी ओढत नाही. पाण्याचा जोरच बोंबील आणि जवळा आत लोटतो. जोर नसेल तर जाळं नुसतंच भिजतं.

तर मग ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं? माझ्या मते शब्दकोश काढायच्या आधी विभक्तीचा प्रत्यय लावून बघावा. 'भांगेची गोळी', पण 'भांगाची भरती'. संस्कृतातली भङ्गा स्त्रीलिंगी, आपली भांगही स्त्रीलिंगीच राहिली. स्त्रीलिंगी भांग पोटात जाते, पुल्लिंगी भांग डोक्यावर असतो नाहीतर समुद्रावर. उरलेल्या दोघांचं क्रियापद सांगतं : एक पाडावा लागतो, दुसरा तिथीप्रमाणे आपला आपण येतो.

खार या शब्दाचंही तसंच, म्हणजे 'खारीचं' की 'खाराचं' हाच प्रश्न. सेतुबंधातला वाटा खारीचा (सिंधुदुर्गात मात्र ती चानी). लोणच्याला सुटतो तो खार. कैरीच्या फोडी संपल्यावरही बरणीच्या तळाशी उरतो आणि पेजेबरोबर कैरीपेक्षा तोच जास्त मागितला जातो. कोणी कोणावर 'खार खाऊन' असतो तेव्हा ताटात काहीच नसतं, मनात असतं. आणि खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली भाताची जमीन, तीही खारच. बांधाला खांड पडलं, उधाणाचं पाणी आत शिरलं, की त्या वर्षाचं पीक जातंच आणि पुढच्या हंगामालाही मीठ नडतं. सरकारी कागदावर ती 'खारभूमी' झाली. कागदावर शोभतो शब्द, पण बांधावर उभा राहून कोणी तो उच्चारत नाही.

घोळाबद्दल जरा सावध. बाजारात "घोळ आहे का?" असं विचारलं तर मासेवाली टोपलीत बघेल आणि भाजीवाली जुडी पुढे करेल, जाडसर पानांची, किंचित आंबट. घोळ मासा मोठा आणि महागडा; त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला परदेशात भारी भाव येतो, त्यामुळे एखाद्याच्या जाळ्यात घोळींचा थवा सापडला की पेपरात बातमी येते. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला आणि त्याच वर्षी गुजरातने घोळीला. आता 'राज्याचा घोळ' म्हटलं की कुठला, हे ज्याचं त्याने ठरवावं. झग्याचा घोळ आणि कोणाला बोलण्यात घोळात घेणं ही आणखी दोन.

माडीचा विनोद जुनाच, तरी व्याकरणासाठी सांगतो. 'तो माडी चढला' यात जिना आहे. 'त्याला माडी चढली' यात माड आहे. शब्द तोच, क्रियापदही तेच, फक्त कर्ता हलला.

आता वेळ. 'जेवायची वेळ झाली' आणि 'जेवायला वेळ झाला' यांतला फरक कोणत्याही मराठी मुलाला न शिकवता कळतो : पहिल्यात घड्याळ बरोबर आहे, दुसऱ्यात उशीर झालाय. मालवण-वेंगुर्ल्याकडे याच्यात तिसरी भर पडते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणसं 'वेळेर' जातात, म्हणजे किनाऱ्यावर, पुळणीवर. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण संस्कृतात वेला म्हणजे काठ, भरती आणि समय, सगळंच. प्रमाण मराठीने त्यातला समय ठेवला आणि काठ टाकला. किनाऱ्यावरच्या बोलीने दोन्ही ठेवले. माझं मत विचाराल तर नुकसान प्रमाण भाषेचं झालं. (इथून काही जण गावांच्या नावांकडे वळतील. कोकणात ग्रामनामांच्या व्युत्पत्त्यांना तोटा नाही, त्या फाट्याला आज नको.)

सड्याशी मात्र माझी प्रत्ययाची युक्ती हरते. अंगणात घालतात तो सडा, प्राजक्ताचा पडतो तो सडा आणि रत्नागिरी-राजापूरकडचं उघडं कातळाचं पठार तोही सडा. तिन्ही पुल्लिंगी. 'सड्यावर पाय देऊ नको' हे अंगणातल्या ओल्या शेणासाठीही चालेल आणि मे महिन्यात दुपारी बारा वाजता तापलेल्या जांभ्यासाठीही. तिथे भोवतालच कामाला येतो. ज्या कातळशिल्पांचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं, ती याच सड्यांवर कोरलेली आहेत. ती बघायला येणाऱ्यांना वाट सांगताना 'सडा संपला की डावीकडे' एवढं पुरत नाही, 'कातळ संपला की' म्हणावं लागतं.

वाव राहिला. खलाशाची खोली मोजायची वाव, दोन्ही हात पसरून होते तेवढी, साधारण सहा फूट. 'दहा वाव पाणी' म्हणजे साठेक फूट. 'इथे सुधारणेला वाव आहे' मधला वाव वेगळा, तो मोजता येत नाही.

पालघर-डहाणूकडच्यांनी आणि खाली शिरोड्या-रेडीकडच्यांनी आपापले असे शब्द लिहावेत. नुसता अर्थ देऊ नका, घरात बोलतात ते अख्खं वाक्य द्या, क्रियापदासकट. भांगाला तुमच्याकडे दुसरा शब्द असेल तर तो आधी.