पिल्लं पायावर उभी राहत नाहीत, लवकर सांगा कुणीतरी

रानमोगरा:
घरच्या कोंबडीची पिल्लं आहेत. परवापर्यंत बरी होती, आज बघते तर चार जणं बसूनच, उठवलं तर दोन पावलं टाकतात की परत फतकल. खातात पितात पण. मेडिकलवाल्याने दिलेलं टॉनिक पाण्यातून देतेय, काही फरक नाही. कुठलं औषध आणि किती ते सांगा. इथे पाऊस थांबत नाहीये आणि डॉक्टर तालुक्याला असतात, तेव्हा "डॉक्टरला दाखवा" एवढंच लिहून जाऊ नका प्लीज.

तुरेवाला:
वय किती? गावठी की गिरिराज वगैरे? लस झाली का? खायला काय घालता? विष्ठा कशी आहे? टॉनिकचं नाव काय? यातलं काहीच न सांगता औषध कोण सांगणार ताई.

आबा घाटावरचे:
मानमोडी आहे. शंभर टक्के. आमच्याकडे असंच सुरू झालं आणि बघता बघता खुराडं रिकामं. लसूण हळद वाटून ताकातून पाजा आणि बाकीच्यांना आजच्या आज मानमोडीची लस, लासोटा द्या.

तुरेवाला:
आबा, मानमोडीत पिल्लू दाणे टिपत नाही हो. झापड लागते, हिरवट पातळ हगतात, तोंड उघडून श्वास घेतात, मग मान वाकडी होते. आणि लस निरोगी पक्ष्याला द्यायची असते, आजारी पिल्लांच्या डोळ्यात लासोटा टाकून काय होणार?

आबा घाटावरचे:
तुम्ही पुस्तकं वाचा. आम्ही कोंबड्या पाळतो.

पेटीमास्तर:
उबवणीत टेंपरेचर चुकलं असणार. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ ठेवायचं, बिनपंख्याच्या पेटीला साधारण ३८.५. १८व्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद आणि ओलावा ६५-७० टक्के. मी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून काढतो, हवं तर सर्किट टाकतो इथे.

रानमोगरा:
मशीन नाहीये हो, खुडूक कोंबडीखाली काढलीत!! वय तीन आठवड्यांच्या आसपास. गावठीच. लस नाही, १०० डोसची बाटली अकरा पिल्लांसाठी कोण आणणार. खायला तांदळाची कणी आणि उरलेला भात, आमच्याकडे आजीच्या काळापासून हेच घालतात आणि कधी काही झालं नाही. टॉनिकवर ए, डी-३, ई, बी-१२ लिहिलंय.

पेटीमास्तर:
तरी पुढच्या वेळी पेटी वापरून बघा.

पशुसखी सातारा:
ताई, पायाची बोटं बघा बरं, आत मुठीसारखी वळलीत का? आणि पिल्लं बाहेर सोडता की कोंडलेली आहेत?

रानमोगरा:
हो वळलीत! दोघांची दोन्ही पायांची, बाकी दोघांची थोडी. ढोपरावर टेकून चालतात. बाहेर कुठे सोडणार, संगमेश्वर साईडला पाऊस किती आहे माहितीये ना, अंड्यातून निघाल्यापासून आईसकट पडवीत डालग्याखालीच आहेत, खाली पेंढा.

पशुसखी सातारा:
मग ही बी-टूची, म्हणजे रायबोफ्लेविनची कमतरता दिसतेय. आजीची पिल्लं कणी खाऊन दिवसभर उकिरड्यावर किडे, वाळवी, कोवळा पाला पण टिपत होती. तुमच्या पिल्लांना नुसती कणी मिळतेय आणि तांदळात बी-टू नावालाच. तुमच्या टॉनिकमध्ये बी-१२ आहे पण बी-टू नाहीच, मग फरक कसा पडणार. बी-कॉम्प्लेक्सचं पोल्ट्रीचं लिक्विड आणा, बाटलीवरच्या प्रमाणात पाण्यातून द्या, पाणी सावलीत ठेवा कारण उजेडात बी-टू टिकत नाही. कणी बंद, चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) चालू, जोडीला शेवग्याचा पाला बारीक चिरून. लवकर दिलं तर बोटं सरळ होतात, फार दिवस गेले की नस गेलेली परत येत नाही.

घारे:
बर्ड फ्लू नाही ना बघा. २००६ ला नवापूरला आला तेव्हा आमचे नातेवाईक तिथेच होते, २०२१ ला परभणीत मुरुंब्याला. मास्क लावून हात लावा.

तुरेवाला:
चार पिल्लांची बोटं वळली म्हणून बर्ड फ्लू? कशाला घाबरवताय त्यांना.

कडकनाथप्रेमी:
कडकनाथ घ्या. आजारच नाही.

तुरेवाला:
माझ्याकडे कडकनाथच देवीने गेलेत. चालू द्या.

रानमोगरा:
बी-कॉम्प्लेक्स उद्या आणवते. अजून एक, दोघांच्या विष्ठेत लाल लाल दिसतंय थोडं, ते त्यानेच जाईल ना?

तुरेवाला:
हे आत्ता सांगताय?? ही कॉक्सी आहे, कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या जंतूंचा आजार. तीन ते सहा आठवडे हेच त्याचं वय, ओला पेंढा मिळाला की झालंच. बी-कॉम्प्लेक्स बाजूला ठेवा, आधी कॉक्सीचं औषध, अँप्रोलियम, पाण्यातून पाच दिवस. दोन्ही एकत्र अजिबात नको, अँप्रोलियम जंतूला बी-वन मिळू देत नाही म्हणून तो मरतो, तुम्ही वरून बी-कॉम्प्लेक्समधलं बी-वन ओतलं तर औषध फुकट.

पशुसखी सातारा:
ते बरोबर, पण पाच दिवस थांबलं तर पाय कायमचे जातील त्याचं काय?

तुरेवाला:
रक्त हगणारं पिल्लू पाच दिवस टिकलं तर पायाची चिंता.

पशुसखी सातारा:
अहो दादा, भांडत नाहीये मी. अँप्रोलियम पाण्यातून चालू करू दे आणि बी-टू नुसती द्यायची, बी-कॉम्प्लेक्स नाही. मेडिकलमध्ये साध्या रायबोफ्लेविनच्या गोळ्या मिळतात. ताई, मात्रा मात्र १९६२ वर फोन करून डॉक्टरांना विचारा, तो फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, चिडू नका. पेंढा सगळा काढून जाळा, खाली कोरडं भाताचं तूस घाला आणि रोज ओलं झालेलं उचला. फिनेल शिंपडून कॉक्सीची अंडी मरत नाहीत, कोरडेपणानेच मरतात.

आबा घाटावरचे:
ताक मी पहिल्यांदा सांगितलं होतं. ताकात बी-टू असतं. नोंद घ्यावी.

तुरेवाला:
घेतली आबा. मानमोडीची पण घेतली.

चुलीवरचं:
अवांतर: बरी होऊ देत, गौरीच्या तिखटाला यातला एखादा तयार होईल का?

रानमोगरा:
तीन आठवड्यांची पिल्लं आहेत हो ती!
अपडेट देते. १९६२ वाल्या डॉक्टरांनी फोनवरच मात्रा सांगितली, अँप्रोलियम आणि बी-टू दोन्ही सुरू केलंय. लाल कमी झालंय. सगळ्यात वाईट होतं ते एक गेलं. दोघं उभी राहायला लागलीत, चौथ्याचा डावा पाय तसाच आहे. स्टार्टर ५० किलोच्या गोणीशिवाय देत नाहीत इथे, सुटं कुठे मिळेल देवरुखच्या आसपास?

पशुसखी सातारा:
ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड असणाऱ्या कुणाकडे तरी दोन-तीन किलो मागा, देतात. आणि लसीसाठी वाडीतल्या चार घरांनी मिळून एक बाटली आणा. फोडली की दोनेक तासात संपवावी लागते, म्हणून सगळ्यांच्या कोंबड्या सकाळीच धरून ठेवायच्या. पण तुमची पिल्लं पूर्ण बरी झाल्यावरच.

सोनसाखळी:
माझी बदकं पाण्यात जात नाहीत, काय करू? इथेच विचारलं चालेल का?

पेटीमास्तर:
मशीनमधून काढलीत का?