मदत हवी आहे: सेकंडहँड ट्वीडचा कोट खांद्यात फारच मोठा होतोय

नमस्कार मंडळी,

सध्या मुक्काम ग्लासगो. इथल्या एका चॅरिटी शॉपमधून 14 पौंडांत हॅरिस ट्वीडचा (जाड लोकरी कापडाचा) पुरुषी कोट उचलला. तपकिरी हेरिंगबोन, म्हणजे नागमोडी पट्ट्यांची वीण, आतलं लेबल शाबूत. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, "असले कपडे आपण बोहारणीला देऊन पातेलं घेतो, आणि तू पैसे मोजून घरात आणतेस?"

अडचण मापाची आहे. कोट 42 छातीचा, मी 36. माझा खांदा 15 इंच, कोटाचा साडेअठरा. अंगात घातला की हँगरसकट घातल्यासारखा दिसतो. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत.

शहाणपणा करून दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच दुमडून कच्चा दोरा घातला. छातीत बसला, पण खिसे पाठीकडे पळाले आणि हात वर केला की अख्खा कोट कानाशी येतो. कात्री अजून लावलेली नाही. इथला अल्टरेशनवाला 70 पौंड सांगतो, वर "खांद्याला हात लावणार नाही" म्हणतो. माझ्याकडे साधं शिलाई मशीन आहे, कापडाच्या कडा बांधणारं इंटरलॉक नाही. ब्लाउज, परकर शिवलेत, कोट कधीच नाही. घरी जमेल का हे?

– ढगळ_झबलं

प्रतिसाद 1 (काजं_बटणं)

वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं, काजं करत वाढलोय, म्हणून सांगतो: तो अल्टरेशनवाला प्रामाणिक आहे. कोटाच्या खांद्यात कॅनव्हास, पॅड, अस्तर असं सगळं थरांनी बसवलेलं असतं. खांदा आत घ्यायचा तर बाही उतरवायची, मुंढा (बाही जोडायची गोलाई) नव्याने आखायचा आणि बाही परत चढवायची. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा मोठा असतो. तो जास्तीचा घेर एकही चुणी न पडता जिरवायचा म्हणजे हात मुरलेला लागतो. शिकायचंच असेल तर दुसरा कोट घ्या, हा नको.

कोट कानाशी येतो तो मुंढा खोल असल्यामुळे. बाजूने कितीही दाबलंत तरी ते जाणार नाही. दोरा उसवा. बाजूंना अर्धा-अर्धा इंच दुमडा, बाकीचं मागच्या मधल्या शिवणीतून, तिथेही एकूण इंचभरच. कॉलरखाली चार बोटं सोडून सुरुवात करा म्हणजे कॉलर उसवावी लागणार नाही. मागे चीर असेल तर तिच्या वर येईपर्यंत टीप जुन्या शिवणीला मिळवा. हेरिंगबोन आहे, दोन्हीकडून सारखंच घ्या, नाहीतर पाठीवरची नक्षी तिरकी दिसेल.

बाहीच्या बटणांची काजं खरी आहेत की नुसती दाखवायला? खरी असतील तर खालून आखूड करू नका.

प्रतिसाद 2 (लोकरीची_लडी)

कापायच्या आधी कडेला झिगझॅग मारा, ट्वीडचे धागे फार सुटतात. आणि उजेडात धरून कसर लागलीय का बघा. शंका आली तर पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये.

लेबल मात्र उसवू नका. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या विणकरांनी आपापल्या घरी हातमागावर विणलेल्या कापडालाच हॅरिस ट्वीड म्हणता येतं, 1993 पासून तसा कायदाच आहे. पुढे विकायचा झाला तर लेबलावरच भाव ठरेल.

ढगळ_झबलं:

खूप आभार! काजं नुसती दाखवायला आहेत, हुश्श. रविवारी अस्तर खालून थोडं उसवून सगळं सांगितल्याप्रमाणे घेतलं. खिसे जागेवर आले. जाड पॅड काढून पातळ घातलं, तर खांदा उतरता दिसतोय, मुद्दाम तसा शिवल्यासारखा. हात वर केला की कोट अजूनही येतोच, पण बसमध्ये दांडा धरण्यापुरता चालेल.

आता एक नवीनच: अस्तर खालच्या काठाशी ओढलं जातंय आणि कोट आत वळतोय. अस्तरातही तेवढंच घेतलं होतं. काय चुकलं?

काजं_बटणं:

अस्तरात कमी घ्यायचं असतं. पाठीच्या मध्यावर अर्ध्या इंचाची सैल चुणी राहू द्या, आणि खालची दुमड हाताने तुरपा. मशीनने नको.