घरातल्या लहान खोलीत विधीसाठी जागा कशी तयार करावी? सगळं मांडूनही मन लागत नाही

कोरी_पाटी:

नमस्कार. बरेच महिने इथले धागे नुसते वाचतेय, आज पहिल्यांदाच स्वतः धागा काढतेय. मी एकटीच साधना करते, विक्काच्या पद्धतीने, म्हणजे निसर्गपूजा आणि जादूविधी मानणाऱ्या आधुनिक पाश्चात्त्य पंथाच्या. शिकवायला कोणी नाही, जे काही आहे ते वाचून.

माझी खोली साधारण १० बाय ९ फुटांची. पलंग, कपाट, कामाचं टेबल सगळं त्यातच. कपाटात बहिणीचेही कपडे असतात, त्यामुळे तिची ये-जा चालू असते. पलंग आणि टेबल यांच्यामध्ये जेमतेम साडेपाच फूट मोकळी जमीन उरते. गेल्या दोन पौर्णिमांना मी टेबलावरचा पसारा बाजूला केला, त्यावर कापड घातलं आणि मधे पाण्याची वाटी, मीठ आणि धूप ठेवला. चारी दिशांना चार मेणबत्त्या लावल्या: पूर्वेला पिवळी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला निळी, उत्तरेला हिरवी. पहिल्या वेळी विधीआधी स्वतःभोवती आखायचं वर्तुळ पूर्ण होतंय तोच बहिणीने चार्जरसाठी दार वाजवलं आणि मी धडपडून उठले. दुसऱ्या वेळी कुणी आलं नाही, सगळं शेवटपर्यंत केलं. पण खरं सांगते, मेणबत्त्या लावून आपल्याच खोलीत बसल्यासारखं वाटत होतं. रडू आलं.

माझे प्रश्न असे. वर्तुळ ९ फुटांचंच लागतं का? फोनवरचं होकायंत्र दर वेळी वेगळी दिशा दाखवतं, त्याचं काय करू? आणि जागा एकदा तयार केली की ती तशीच राहते, की दर वेळी पहिल्यापासून करायची?

मांजरवेडी:

वर्तुळाचं जाणकार सांगतीलच, मी धुराबद्दल लिहिते. राळेचा धूप कोळशाच्या चकतीवर जाळणार असशील तर खिडकी थोडी उघडी ठेवच. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत डोकं जड झालं की ते ध्यान लागल्यासारखं वाटू शकतं. धूर चालत नसेल तर घंटा वाजव किंवा टाळ्या वाजवत कोपरे फिर, तेही शुद्धीकरणच. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल खोलीत शिंपडू नकोस, मांजरांना ते विषारी असतं. माझी मांजर मात्र वर्तुळात खुशाल येते-जाते, तिला मी अडवत नाही.

उंबरठा:

कोरी_पाटी, तुझा धागा दोनदा वाचला. मांडलेल्या वस्तूंबद्दल तू रंगांसकट लिहिलंस, पण त्याआधी जे केलंस ते तीन शब्दांत उरकलंस: 'पसारा बाजूला केला'. बाजूला म्हणजे कुठे? माझा अंदाज, पलंगावर. म्हणजे लॅपटॉप, बिनघडीचे कपडे, अर्धवट राहिलेलं काम, सगळं तुझ्या वर्तुळाच्या काठाला टेकून बसलं होतं आणि तू डोळे मिटले तरी ते तुझ्याकडे बघत होतं.

मी चौदा वर्षं एकटीने करतेय, आणि निम्म्याहून जास्त काळ अशाच एका खोलीत केलंय. माझा विधी रात्री असतो, पण जागेची तयारी दुपारीच सुरू होते. कामाची प्रत्येक वस्तू खोलीबाहेर जाते. जी जाऊ शकत नाही, उदाहरणार्थ कॉम्प्युटर, ती बंद करून वर कापड टाकते. मग जमीन झाडते आणि पुसते, नेहमीच्याच झाडूने, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापासून दाराकडे. पलंगाखालूनसुद्धा. हे साधं घरकाम वाटेल, पण गुडघ्यांवर बसून पलंगाखालची धूळ काढताना मी त्या खोलीशी जेवढी बोलते तेवढी विधीतही बोलत नाही. विधीचा काडक्यांचा झाडू, ज्याला बेसम म्हणतात, तो यानंतर येतो. तो जमिनीला टेकवायचा नसतो, वितभर वरून फिरवायचा. तो धूळ काढत नाही, दिवसभराचं भांडण, कंटाळा, काळजी बाहेर लोटतो अशी त्यामागची धारणा आहे. खरी धूळ तशीच ठेवून मी हा झाडू फिरवला आहे, काही होत नाही. हाताला ते कळतं.

त्यानंतर मीठ-पाणी. वाटीत पाणी, त्यात चिमूटभर मीठ, बोटाने ढवळायचं आणि कडेकडेने शिंपडत फिरायचं. यात पृथ्वी आणि जल आले. मग धूप घेऊन तीच फेरी, म्हणजे अग्नी आणि वायू. अशी चारही तत्त्वं खोलीभर फिरून येतात. लाकडी जमीन असेल तर नुसती बोटं ओली करून शिंपड, आणि कुंडीतल्या रोपांवर खारं पाणी जाऊ देऊ नकोस.

आता ९ फूट. हे माप विक्काचा पाया घालणाऱ्या जेराल्ड गार्डनर यांच्या परंपरेतलं आहे. इंग्लंडमध्ये १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर १९५४ मध्ये त्यांनी या साधनेबद्दल उघडपणे लिहिलं. ते वर्तुळ गटासाठी होतं. बरीच माणसं आत उभी राहणार, फेर धरणार, मधे वेदी असणार. तू एकटी आहेस. मध्यभागी उभी राहा, दोन्ही हात पसर आणि सावकाश स्वतःभोवती फिर. बोटं कशालाही न लागता फिरता आलं की तुझं वर्तुळ तेवढं. तुझ्याकडे साडेपाच फूट आहेत, त्यात पाच फुटांचं वर्तुळ व्यवस्थित बसतं. अडीच फुटांची सुतळी घे, एक टोक मध्यावर धर, दुसऱ्या टोकाशी खडू बांध आणि एकदा खरोखर आखून बघ. नंतर खडू पुसला तरी पायांना ती रेघ आठवते. वर्तुळ आखायची विधीची सुरी नसेल तर तर्जनीने आखलेलं वर्तुळही वर्तुळच. वेदीसाठी टेबलच हवं असंही नाही. पाच फुटांत टेबल शिरलं तर तू बाहेर राहशील, त्यापेक्षा जमिनीवर पाट चांगला.

होकायंत्राचं सोपं आहे. तुझं कपाट लोखंडी आहे ना? पलंगाची चौकटही असेल. फोन त्यांच्याजवळ नेला की सुई भरकटते. खोलीच्या मधोमध उभी राहा, फोनचं चुंबकी झाकण असेल तर काढ, फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरव आणि मग बघ. एकदा उत्तर सापडली की भिंतीवर पेन्सिलने बारीक टिंब कर. मग फोन बाहेर. फोन आत घेऊन केलेल्या विधीत माझं निम्मं लक्ष त्याच्या पडद्यावरच असायचं.

आणि एक गोष्ट जपून कर. तिसऱ्या वर्षी मी कोळशाची चकती काचेच्या वाटीत पेटवली होती. खाली वाळू घालायची असते हे माहीत होतं, पण वाळू संपली होती आणि पौर्णिमा थांबणार नव्हती. दिशांना बोलावून झालं, मी डोळे मिटले, आणि 'टक्' असा आवाज झाला. वाटीचे दोन तुकडे, मधून लाल चकती पाटावर घरंगळलेली, लाकडाचा धूर राळेच्या धुरात मिसळलेला. वेदीवरचंच मीठ-पाणी ओतून विझवलं. पाटावर रुपयाएवढा काळा गोल डाग राहिला, कडेला तपकिरी, मधे खोलगट, बोट फिरवलं तर आजही कडा लागते. त्या डागावर आता मी माझं धूपपात्र ठेवते, पितळेचं, तळाशी दोन बोटं वाळू घातलेलं. चकती चिमट्यात धरूनच पेटव, तिच्यात सोरा असतो, ठिणग्या तडतडत उडतात.

तुझा तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तू मोडण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस. वर्तुळ कायमचं नसतं. दर वेळी आखायचं आणि दर वेळी उघडायचं. पहिली काही वर्षं मी शेवटी नुसत्या मेणबत्त्या फुंकून झोपायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्या खोलीत चिडचिड व्हायची, कामात लक्ष लागायचं नाही. आता ज्यांना बोलावलं त्या चारही दिशांचे एकेक करून आभार मानते, आखलं त्याच्या उलट दिशेने फिरत वर्तुळ उघडते, मेणबत्त्या फुंकत नाही, टोपणाने विझवते. मग तळवे जमिनीला टेकून बसते, पेलाभर पाणी पिते. कापडाची घडी, वाटी, दगड, सगळं एका लाकडी पेटीत जातं. झाकण लावते आणि खोलीतला मोठा दिवा लावते. तेव्हा ती खोली पुन्हा झोपायची खोली होते. तुझ्या खोलीत बहीण वावरते, म्हणून तुला हे जास्तच लागेल.

दार वाजलं त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. वर्तुळात दार कापता येतं: बोटाने डावीकडून वर, आडवं, उजवीकडे खाली अशी चौकट आखायची, बाहेर जायचं, आल्यावर ती मिटवायची. पण त्याआधी बहिणीला सांग. कशासाठी ते सगळं सांगायची गरज नाही, 'एक तास मला एकटीला हवाय' एवढं पुरे.

त्रिकोणी_दिवा:

उंबरठा यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. माझी वाट समारंभी जादूची, १८८८ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या संस्थेच्या परंपरेतली. आमच्यात झाडू किंवा मीठ-पाण्यापेक्षा पंचकोनी ताऱ्याच्या लघु निष्कासन विधीवर, म्हणजे नको ते जागेबाहेर घालवण्याच्या छोट्या विधीवर भर असतो. पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं, चारी दिशांना हवेत तारा काढायचा आणि देवदूतांना बोलवायचं: समोर राफाएल, मागे गाब्रिएल, उजवीकडे मिखाएल, डावीकडे उरिएल. उभं राहण्याइतकी जागा पुरते आणि वस्तू एकही लागत नाही. मी तो रोज करतो, विधी असो वा नसो. कोरी_पाटी, फक्त पौर्णिमेलाच जागेकडे वळलीस तर जागा तुला दर वेळी परकी वाटेल. रोज दहा मिनिटं तिथेच बस, त्याच पाटावर, त्याच दिशेला तोंड करून.

उंबरठा:

त्रिकोणी_दिवा, रोज बसण्याबद्दल शंभर टक्के सहमत, ते लिहायचं राहूनच गेलं. झाडूवरून मात्र मी हटणार नाही. हवेत तारा काढायला मन आधी शांत लागतं, आणि माझं मन झाडल्याशिवाय शांत होत नाही. नवख्या माणसाला हाताला काम दिलेलं बरं.

उलटी_सावली:

थोडी भर. तुम्ही सगळे दक्षिणेला अग्नी आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फेरी धरून चाललाय. ही मांडणी उत्तर गोलार्धातल्या सूर्यावरून आली आहे. तिथे तो पूर्वेला उगवून दक्षिणेकडून पश्चिमेला जातो. मी दक्षिण गोलार्धात राहतो, इथे सूर्य उत्तरेकडून जातो. म्हणून इथले बरेच साधक अग्नी उत्तरेला, पृथ्वी दक्षिणेला ठेवतात आणि काट्यांच्या उलट दिशेने वर्तुळ आखतात. मी पुस्तकाप्रमाणे दोन वर्षं केलं, मग एका सकाळी खिडकीतून ऊन कुठून येतंय ते पाहिलं आणि मेणबत्त्यांची अदलाबदल केली. ज्या दिशेला खरंच ऊब आहे तिकडे अग्नी ठेवल्यावर माझी घालमेल थांबली.

कोरी_पाटी:

सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा ताई, तुमचा अंदाज बरोबर होता, पसारा पलंगावरच होता. वाचताना अंगावर काटा आला.

काल रात्री केलं. पौर्णिमा नव्हती, पण थांबवेना. दुपारी टेबल पूर्ण रिकामं केलं, लॅपटॉप बाहेरच्या खोलीत ठेवला. पलंगाखालून हरवलेली कानातली रिंग आणि दोन वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी निघाली. ती वाचत बराच वेळ जमिनीवरच बसले, मग फाडून टाकली. होकायंत्र खोलीच्या मध्यावर धरलं तर कळलं की मी उत्तर समजत होते ती जवळजवळ ईशान्य होती. कपाटाशी उभी राहून बघत होते मी! भिंतीवर टिंब केलंय.

खडूने पाच फुटांचं वर्तुळ आखलं. थोडं वाकडं झालं, पलंगाच्या पायाशी सुतळी अडकली. कोळसा नाही वापरला, साधी उदबत्ती. बहिणीला आधी सांगितलं होतं. ती 'बरं' म्हणाली आणि स्वतःहून चार्जर घेऊन गेली.

काय झालं ते नीट सांगता येणार नाही. पश्चिमेची निळी मेणबत्ती लावून वळले तेव्हा खोली नेहमीपेक्षा मोठी वाटली, आणि रस्त्यावरचे आवाज होते पण लांबून आल्यासारखे. मागायचं काहीच ठरवलं नव्हतं, नुसती बसून राहिले. मग उलट फिरून उघडलं, पाणी प्यायले. पेटी नाहीये अजून, बुटांच्या खोक्यात ठेवलंय सगळं. खडूची रेघ पुसायला ओलं फडकं आणलं होतं, पण काल पुसवली नाही. सकाळी बहीण कपडे घ्यायला आली, रेघ बघितली आणि तिच्यावर पाय न देता कडेने कपाटापर्यंत गेली.

उंबरठा:

पुसून टाक गं ती आता. पुढच्या वेळी पुन्हा आख. आणि फडकं वर्तुळाच्या उलट दिशेने फिरव.