'राहुटी', 'तंबू' की 'पाल'?

फलकलेखक: एका १९व्या शतकातल्या फ्रेंच तैलचित्राचा मराठी माहितीफलक लिहायचाय. बेदुइन, म्हणजे अरब भटक्यांचं कुटुंब, मागे काळा ठेंगणा तंबू, दारात बाई तीन काठ्यांच्या तिवईला टांगलेली कातडी पिशवी हलवतेय. मसुद्यातलं 'राहुटी' खोडून 'तंबू' केलं गेलंय. बरोबर कोणतं?

ताणाबाणा: दोन्ही नकोत. राहुटी म्हटलं की पांढरं कापड नि लष्कराचा तळ दिसतो. हे घर विणलेलं असतं. शेळीच्या काळ्या केसांच्या अरुंद लांब पट्ट्या बायका जमिनीवरच्या आडव्या मागावर विणतात नि कडेला कड लावून शिवतात. अरबी नावच 'बैत अश-शअर', केसांचं घर. वीण विरळ, म्हणून उन्हात वारा खेळतो. पावसात सुरुवातीला ठिबकतं, मग केस फुगून भोकं बुजतात. आपल्याकडे जवळचा शब्द 'पाल', भटक्यांचं कापडी घर.

मेख: 'पालासमोर बसलेली स्त्री' वाचून लोक भिंतीकडे बघतील! शिवाय आपल्या 'पाला'त हलाखी आहे. तिकडे मधले खांब जितके जास्त, तितकं घर मोठं. 'काळा तंबू' लिहा नि तंबू ताणून धरणाऱ्या दोरीला 'तणावा' हा शब्द वापरा, मरत चाललाय बिचारा. तणावे लांब नि जमिनीलगत हवेत. आखूड नि उभे काढले असतील तर वाऱ्यात ते घर टिकायचं नाही.

शुद्धलेखक: आधी 'बेदुइन' काढा. मूळ अरबी 'बदवी', 'बादिया'त म्हणजे ओसाड मुलखात राहणारा. शेवटचा 'इन' अरबी अनेकवचनाचा, त्यावर आपण 'बेदुइनांचा' म्हणतो. अनेकवचनाचं अनेकवचन!

मेख: रुळलंय ते. 'बदवी' लिहिलंत तर फलकाखाली दुसरा फलक लागेल.

शुद्धलेखक: लागू दे. आणि 'प्राच्यवादी (ओरिएंटलिस्ट) चित्रकार' नको, एडवर्ड सईद यांच्या 'ओरिएंटलिझम' पुस्तकाने पेटलेला तो १९७८ नंतरचा वाद त्यांच्या माथी कशाला?

फलकलेखक: त्यांनीच लावून घेतलंय. पॅरिसमध्ये १८९३ साली 'फ्रेंच ओरिएंटलिस्ट चित्रकार' या नावानेच संस्था निघाली. असो. पिशवीला 'पखाल' लिहिलंय.

ताणाबाणा: पखाल रेड्याच्या पाठीवरची. ही बकरीच्या अख्ख्या कातड्याची, म्हणजे मशक.

फलकलेखक: आणि 'उंटिणीचं ताक घुसळताना'?

ताणाबाणा: उंटिणीच्या दुधाचं लोणी सहजी निघत नाही. दूध शेळ्यामेंढ्यांचं असणार. मशक अर्धीच भरतात, वर तोंडाने हवा फुंकून तोंड बांधतात. गच्च भरली तर दूध आपटायला जागाच उरत नाही. ऊन चढलं की लोणी पातळ होतं, गोळा धरत नाही. म्हणून हे काम गारव्यात. चित्रात सावल्या आखूड असतील तर चित्रकाराची वेळ चुकलीय.

शुद्धलेखक: रवी नाही, तर 'घुसळणं' कसलं? 'हिंदकळणे' म्हणा.

मेख: हिंदकळतं ते दूध. बाई मशक हेलकावते.

फलकलेखक: सावल्या आखूडच आहेत. पण तंबूचं काय?

शुद्धलेखक: 'हेलकावते' की 'हेलकावे देते'?