पीएफ १५,००० वर कापायचा की पूर्ण बेसिकवर?

हिशेबनीस:
वीस-पंचवीस माणसांच्या आस्थापनेत पगारवाढ आली की हा वाद ठरलेला. माझं मत: पीएफसाठी धरायच्या महिन्याच्या वेतनाची कायद्याची मर्यादा १५,००० आहे (१ सप्टेंबर २०१४ पासून), तेवढ्यावरच कापा. बेसिक २५,००० असेल तर पूर्ण बेसिकवर मालकाचे १२ टक्के म्हणजे ३,००० जातात, मर्यादेवर १,८००. प्रशासकीय शुल्क अर्धा टक्का, ते १२५ चं ७५ होतं. ईडीएलआयचे (पीएफसोबतच्या विम्याचे) ७५ दोन्हीकडे सारखेच. माणशी महिन्याला १,२५० मोकळे होतात, पंचवीस जणांचे ३१,२५०. त्यातून गटविमा घ्या किंवा पगारात घाला. निवृत्तीला अवकाश असलेल्या पोराला आज दवाखान्याचं बिल भरणारा विमा जास्त कामाचा.

कामगारबाजू:
अजिबात सहमत नाही. तुम्ही फक्त मालकाच्या बाजूचा रकाना वाचलात. आता कामगाराच्या खात्यात काय पडतं ते बघा. पूर्ण बेसिकवर त्याचे ३,००० आणि मालकाच्या ३,००० पैकी पेन्शन योजनेत वळणारे १,२५० (१५,००० चे ८.३३ टक्के) वजा जाता १,७५०, असे ४,७५०. मर्यादेवर १,८०० आणि ५५०, म्हणजे २,३५०. बरोबर निम्म्याच्याही खाली. २०२४-२५ चा व्याजदर ८.२५ टक्के होता. एवढं व्याज देणारी सुरक्षित जागा साध्या पगारदाराला दुसरी कुठे आहे? गटविमा नोकरीबरोबर संपतो, पीएफ खातं माणसाबरोबर जातं. आणि "पगारात घाला" म्हणणं सोपं. पुढच्या वाढीत तेच वाचलेले १,२५० "वाढ" म्हणून दाखवले जातात.

पगारपत्रक:
दोघांचंही गणित जुन्या सभासदापुरतं खरं आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच नोकरीला लागलेला आणि पहिल्या दिवसापासून पीएफचं वेतन १५,००० च्या वर असलेला माणूस पेन्शन योजनेत येतच नाही. त्याचे १,२५० पेन्शनकडे वळवायचे नसतात, मालकाचे पूर्ण १२ टक्के पीएफ खात्यात जायला हवेत. पगाराचं सॉफ्टवेअर मात्र सगळ्यांना एकाच फणीने विंचरतं आणि ८.३३ टक्के खाते क्रमांक १० मध्ये, म्हणजे पेन्शनच्या खात्यात, टाकून मोकळं होतं. चूक कळते ती माणूस पैसे काढायला गेल्यावर. मग खाते १० मधून खाते १ मध्ये (पीएफच्या) रक्कम फिरवायचे अर्ज, सुधारित तपशील, हेलपाटे. हे सगळं टाळतो तो फॉर्म ११. रुजू होतानाच भरून घ्या, आधी पीएफ आणि पेन्शनचा सभासद होता का हे त्यात कळतं. नसेल आणि वेतन मर्यादेच्या वर असेल तर त्याला पीएफ सक्तीचाच नाही.

दुसरं, मर्यादेच्या वर भरायचं तर १९५२ च्या योजनेच्या परिच्छेद २६(६) खाली मालक आणि कामगार दोघांचा संयुक्त अर्ज लागतो. बहुतेक ठिकाणी पैसे वर्षानुवर्षं भरले जातात आणि कागद नसतो. मर्यादेपेक्षा जास्त पगारावरच्या वाढीव पेन्शनचे अर्ज निघाले तेव्हा नेमका हाच कागद मागितला गेला.

हिशेबनीस:
पेन्शनचा मुद्दा मान्य, माझ्याकडून राहिला. पण कागदांचं एवढं लचांड हेच तर मर्यादेवर थांबायचं कारण. नव्या नेमणुकीत पहिल्याच पत्रात "पीएफ १५,००० वर" असं लिहा, प्रश्न मिटला.

लाखाचे_बारा:
एवढी डोकेफोड कशाला? ३०,००० च्या पगारात बेसिक ९,०००, घरभाडे ६,०००, विशेष भत्ता १५,०००. पीएफ १,०८० वर भागतो. सगळे असंच करतात.

पगारपत्रक:
सगळे करतात म्हणून ते चालतं असं नाही. २८ फेब्रुवारी २०१९ च्या विवेकानंद विद्यामंदिर निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता बेसिकमध्येच मोजायचा. घरभाडे, ओव्हरटाइम, बोनस वगळता येतात. जादा उत्पादनाशी खरोखर जोडलेला प्रोत्साहन भत्ताही टिकतो. तुमचा विशेष भत्ता टिकत नाही. ९,००० आणि १५,००० मिळून २४,०००, मर्यादेवर आणला तरी हिस्सा १,८००. फरक ७२०, दोन्ही हिश्श्यांचा १,४४०. पंचवीस माणसं, तीन वर्षं: १२,९६,०००. यात कामगाराचा हिस्साही मालकाच्याच खिशातून जातो, कारण मागच्या महिन्यांची राहिलेली कपात पुढच्या पगारातून करता येत नाही. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि जून २०२४ पासून दरमहा १ टक्का दराने नुकसानभरपाई.

हिशेबनीस:
+१. मर्यादेवर थांबणं वेगळं आणि बेसिक कापून मर्यादेच्या खाली सरकणं वेगळं. माझा धागा पहिल्यासाठी आहे, दुसऱ्यासाठी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यावर ही युक्ती ग्रॅच्युइटीतही अंगाशी येते. वगळलेले भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनात धरायचा. म्हणजे ३०,००० मध्ये वेतन किमान १५,०००. दहा वर्षांच्या नोकरीला १५/२६ च्या सूत्राने (दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा) ९,००० वर ५१,९२३ येत होते, आता किमान ८६,५३८. ताळेबंदातली तरतूद जुन्याच आकड्यावर ठेवली असेल तर लेखापालाला आजच फोन करा.

लाखाचे_बारा:
ठीक आहे, पण मग आज पूर्ण बेसिकवर भरणाऱ्याने उद्यापासून १५,००० वर यावं का?

कामगारबाजू:
चालू नोकरांच्या बाबतीत हात लावू नका. पीएफचा बोजा पडतो म्हणून पगार किंवा सवलती घटवायला कायद्यात मनाई आहे आणि नेमणूकपत्रात "बेसिकच्या १२ टक्के" असं लिहिलं असेल तर ती सेवाशर्तच झाली. नव्या माणसांना मर्यादा लावायची तर लावा, माझा विरोध राहीलच. निदान सीटीसीच्या (कंपनीच्या एकूण खर्चाच्या) तक्त्यात मालकाचा हिस्सा ३,००० दाखवून भरताना १,८०० भरू नका. उरलेले १,२०० कोणत्या नावाने मिळणार, ती ओळ पत्रात हवी.

पगारपत्रक:
आणि कशावरही कापा, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरा. भरण्याचं चलन १४ तारखेच्या संध्याकाळी काढायला बसलं की एखाद्याचं आधारवरचं नाव जुळत नाही, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) अडकतो आणि त्याच्यापायी सगळ्यांची फाइल थांबते. ७ तारखेला फाइल चढवून बघितली तर दुरुस्तीला आठवडा मिळतो. कामगाराचा कापलेला हिस्सा भरलाच नाही, तर तो नुसता उशीर राहत नाही, विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो.