ब्रँड बघून कान फितूर होतात का?

प्रश्न (कानसेन): माझ्याकडे दहा वर्षं एकाच कंपनीचे स्पीकर आहेत, आता मित्राचे दुसऱ्या ब्रँडचे ऐकले तर मला लगेच ते कर्कश वाटले, पण खरंच कर्कश आहेत की मीच आधीपासून ठरवून बसलोय तेच कळेना. नीट तुलना कशी करायची?

खर्जप्रेमी: आधी आवाज सारखा करा!! जरा मोठा वाजणारा स्पीकर कानाला हमखास भारी वाटतो. पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग ‘श्श्श’ आवाज) लावून मीटरने मोजा, अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फोनचं अ‍ॅप चालेल, फरकच तर बघायचाय.

जुनाखोड: आणि पडदा लावा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी-संशोधकांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर आधी झाकून मग दाखवून ऐकवले तर लोकांचे मार्क बदलले, त्यात अनुभवी ऐकणारेही होते, म्हणजे आपण कोण. जागाही तीच ठेवा, कोपऱ्यात सरकवला की बास फुगतो. एकेकच स्पीकर मोनोत ऐका, दोष पटकन सापडतात.

कानसेन: बायकोला अदलाबदल करायला बसवलं, चादरीमागून. पाचपैकी तीनदा मित्राचेच आवडले राव 😅

खर्जप्रेमी: पाच फेऱ्यांत काय कळणार, अजून वाजवा