काँक्रीटमध्ये अॅडमिक्श्चरचा डोस वाढवून स्लम्प परत येतो, पण वाळूत कुठली माती आहे ते बघा

काँक्रीटचा स्लम्प (ओल्या मालाचा सैलपणा) कमी पडला तर पीसीईचा, म्हणजे पॉलिकार्बोक्झिलेट इथर या माल सैल करणाऱ्या अॅडमिक्श्चरचा, डोस वाढवला की स्लम्प येतो असं म्हणतात ते खरंय, पण वाळूत माती असली की तो टिकत नाही ना, अर्ध्या तासात मिक्सरमधला माल परत घट्ट. पीसीईच्या बाजूच्या साखळ्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या असतात आणि मॉन्टमोरिलोनाइटसारखी फुगणारी माती त्या साखळ्या थरांच्या मधे ओढून घेते, मग सिमेंटच्या कणांसाठी उरतं काय! जुन्या नॅफ्थॅलीनवाल्या अॅडमिक्श्चरला अशा साखळ्याच नसतात म्हणून त्याला हा त्रास बराच कमी.

आणि वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी किती टक्के, हा आकडा एकटा बघू नका. आयएस ३८३ हे वाळू-खडीचं भारतीय मानक क्रश सॅण्डला (दगड फोडून केलेल्या वाळूला) १५ टक्क्यांपर्यंत अशी बारीक भुकटी चालवून घेतं, ती नुसती दगडाची असेल तर फारसं बिघडत नाही, पण आपल्याकडच्या बेसॉल्टच्या खाणीत वरची काळी माती त्यात आली की थोडीशीही स्लम्प घालवायला पुरते. त्यासाठी मिथिलीन ब्लू टेस्ट (फुगणारी माती किती आहे ते निळ्या रंगाने दाखवणारी चाचणी) मागा, सप्लायर तोंड वाकडं करेल, करू दे. तात्पुरता उपाय म्हणजे थोडं साधं पीईजी (तेच पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आधी घालणं, माती तेच खाऊन बसते. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत प्लांक या रसायनशास्त्रज्ञांच्या ग्रुपने तर ग्लायकॉलच्या ऐवजी हायड्रॉक्सीअल्किल साखळ्या लावून पीईजी नसलेलं पीसीईच बनवून दाखवलंय.